आधी माल आणि हिशेब, मग मोबाईलवरची जाहिरात

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. शेतकऱ्याला ती पुरेपूर लागू पडते. पिकविण्यात नाशिक जिल्हा कधी मागे राहिला नाही. निफाड-दिंडोरीची द्राक्षे, लासलगावचा कांदा, इगतपुरीचा तांदूळ, पेठ-सुरगाण्याची नागली, यापैकी कशालाही नावे ठेवायला जागा नाही. पण विकायची वेळ आली की आपण तोंड मिटून उभे राहतो. भाव दुसऱ्याने सांगायचा, वजन दुसऱ्याने करायचे, आणि जागेवर सौदा केलेल्या व्यापाऱ्याचे पैसे हाती येईपर्यंत देवाचे नाव घ्यायचे. हंगाम संपता संपता व्यापारी पैसे बुडवून पसार झाल्याच्या तक्रारी आपल्या जिल्ह्यात नव्या नाहीत.

म्हणून हाती मोबाईल आला आणि शेतकऱ्याला बोलायला तोंड मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. फेसबुकवर पेज काढणारे द्राक्ष बागायतदार, व्हॉट्सॲपवर पापड-कुरडया विकणारे महिला बचत गट, इन्स्टाग्रामवर पैठणी दाखविणारे येवल्याचे विणकर, हुरडा पार्टीचे बुकिंग घेणारी तरुण मुले आज गावोगाव दिसतात. कृषी खात्याच्या आणि बचत गटांच्या बैठकांतही हा विषय निघतोच. 'साहेब, जाहिरात करून काही उपयोग झाला नाही. पैसे गेले,' अशी तक्रारही तितक्याच वेळा ऐकू येते.

उपयोग का झाला नाही, हे खोदून विचारले की बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागते. मोबाईलने आपले काम चोख केलेले असते. त्याने माणसे आणून दिलेली असतात. पण माणसे दारात आली तेव्हा घरात काही तयार नव्हते. भाव ठरलेला नव्हता, पेटी आणलेली नव्हती, माल पोहोचवायचा कसा ते माहीत नव्हते, आणि कधी कधी तर फोटोत दाखविलेला माल आपला नव्हताच! जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आहे. शब्द द्यायच्या आधी तो पाळायची तयारी हवी. या लेखाचे सांगणे एवढेच आहे. पुढे नेहमी होणाऱ्या चुका एकेक करून पाहू.

२०२० सालचा धडा

मार्च २०२० आठवा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, ती ऐन द्राक्षांच्या हंगामात. बागेत माल पिकून तयार, आणि व्यापारी यायला तयार नाहीत. मजूर मिळेनात, बाजार विस्कळित झाले. पुष्कळांनी नाइलाजाने बेदाणा केला. त्याच दिवसांत व्हॉट्सॲपच्या आधाराने नाशिकचा माल मुंबई, ठाणे, पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या फाटकापर्यंत गेला. सोसायटीतल्या एकाने मागण्या गोळा करायच्या, शेतकरी गटाने एक गाडी भरून न्यायची, अशी सोपी पद्धत होती. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपनीनेही फळे-भाजीपाल्याच्या पेट्या शहरातल्या ग्राहकांपर्यंत पोहोचविल्या.

तेव्हा जाहिरातीवर कोणी फारसा पैसा घातला नव्हता, तरी माल खपला. कारण उघड आहे. गिऱ्हाइकाला गरज होती, मागणी आधी नोंदवलेली होती, भाव आणि वजन ठरलेले होते, गाडी कोणत्या दिवशी येणार ते सांगितलेले होते. पुढे बाजार सुरळीत झाला आणि बरीच गिऱ्हाइके कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे परत गेली. काही शेतकऱ्यांची गिऱ्हाइके मात्र टिकली. ज्यांनी पेटीत वर-खाली एकसारखा माल भरला, वजनात हात आखडला नाही आणि फोन उचलला, त्यांचीच ती टिकली. हा धडा लक्षात ठेवला तर पुढचे सगळे सोपे आहे.

पहिली चूक : गिऱ्हाईक कोण, हेच ठरलेले नसते

बागेतल्या घडांचा सुरेख फोटो टाकला. दोन दिवसांत चारशे लाईक आले. आपण खूश! पण लाईक करणारे कोण, ते जरा उघडून बघा. पिंपळगावचा बागायतदार, तासगावचा बागायतदार, औषध दुकानदार, मेहुणा आणि मेहुण्याचे मित्र. अहो, यातला एकही माणूस तुमच्याकडून दोन किलो द्राक्षे विकत घेणार नाही. द्राक्षवाल्यालाच द्राक्षे विकायला निघाल्यासारखे हे झाले. लाईकने मन भरते, पोट भरत नाही.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात पुढे ढकलण्याची जी सोय आहे, तिला बूस्ट म्हणतात. तिथेही हीच गत होते. घाईघाईने बटण दाबले जाते आणि जाहिरात साऱ्या महाराष्ट्रात फिरते. तुमची गाडी जर फक्त ठाणे-मुलुंडपर्यंतच जाणार असेल, तर लातूरच्या माणसाला जाहिरात दाखवून पैसे का घालवायचे? जाहिरात कोणत्या शहरात, त्या शहराभोवती किती किलोमीटरपर्यंत, कोणत्या वयाच्या लोकांना दाखवायची, हे तिथे निवडता येते. ते निवडल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. हुरडा पार्टी असेल तर नाशिक शहर आणि आसपासचा भाग पुरे. पैठणीला मात्र अंतराची अडचण नाही, ती टपालाने कुठेही जाते. मालाप्रमाणे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाप्रमाणे जाहिरात.

दुसरी चूक : हिशेब नाही

घरपोच मोफत, असे दोन शब्द लिहायला काहीच लागत नाही. निभवायला मात्र लागते. एक नमुन्याचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, जागेवर ७० रुपये किलोचा भाव चालू आहे. दोन किलोच्या पेटीत १४० रुपयांचा माल गेला. पेटी, कागद, मजुरी मिळून २५ रुपये. मुंबईपर्यंतची वाहतूक आणि तिथे वाटप ३० रुपये. मणीगळ, दबलेली पेटी, परत आलेली पेटी यांपोटी १० रुपये धरा. झाले २०५ रुपये. आता जाहिरातीत 'फक्त २०० रुपयांत दोन किलो, घरपोच' असे लिहिले असेल तर प्रत्येक पेटीमागे पाच रुपये खिशातून जातात. जाहिरात जितकी जास्त चालेल तितका तोटा जास्त!

जाहिरातीचा खर्च याहून वेगळा. समजा, ३,००० रुपयांची जाहिरात केली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये गेले. साठ जणांनी चौकशी केली, त्यातल्या पंधरा जणांनी पेटी घेतली. एक गिऱ्हाईक २३६ रुपयांना पडले. पेटीमागे ६० रुपये सुटत असतील तर त्याच गिऱ्हाइकाने चार पेट्या घेतल्यावर जाहिरातीचा खर्च कसाबसा फिटतो. याचा अर्थ जाहिरात करू नये असा नाही. अर्थ असा की एका पेटीपुरते गिऱ्हाईक परवडत नाही. ते परत आले पाहिजे, शेजाऱ्याला घेऊन आले पाहिजे. आणि ते परत येणे जाहिरातीवर नाही, पेटीतल्या मालावर अवलंबून आहे.

म्हणून सुरुवात थोडक्यात करा. पाच-सातशे रुपये घाला, आठ दिवस बघा, किती फोन आले आणि किती पेट्या गेल्या ते वहीत लिहा. पटले तर वाढवा. बी टाकण्याआधी आपण उगवणशक्ती तपासतो ना, तसेच हे.

तिसरी चूक : फोटो एकाचा, माल दुसऱ्याचा

गूगलवरून परदेशातल्या बागेचा चकचकीत फोटो उचलायचा आणि खाली आपला नंबर टाकायचा, हा प्रकार फार बोकाळला आहे. बाजार समितीत गिऱ्हाईक माल हाताळून बघते, चाखून बघते. मोबाईलवर त्याच्याकडे बघायला फोटोशिवाय काहीच नसते. त्या फोटोवर विश्वास ठेवून तो आधी पैसे भरतो. पेटी उघडल्यावर वर चांगले घड आणि खाली बारीक मणी निघाले, तर तो पुन्हा तुमच्या वाटेला जाणार नाही, आणि तेवढ्यावर थांबणारही नाही. पेटीचा फोटो काढून तुमच्याच पेजखाली टाकील. बाजारात एका गिऱ्हाइकाशी झालेला तंटा दहा लोक बघतात, इथे हजार बघतात.

फोटो स्वतःच्या बागेत, सकाळच्या उन्हात काढा. साधा मोबाईल पुरतो. एक फोटो घडाचा, एक भरलेल्या उघड्या पेटीचा, एक वजनकाट्यावर ठेवलेल्या पेटीचा. काट्यावरच्या फोटोइतकी बोलकी जाहिरात दुसरी नाही. द्राक्षे वाटेत थोडी सुकतात आणि वजन घटते, हे तुम्हाला माहीत आहे. भरताना तेवढी मूठ जास्त टाका.

चौथी चूक : भाव लपविणे, फोन न उचलणे

'भावासाठी संपर्क साधा' असे लिहिणे म्हणजे निम्मी गिऱ्हाइके उंबऱ्यावरूनच परत पाठविणे. शहरातल्या माणसाला वाटते, हा माणूस बघून भाव सांगणार. जाहिरातीत पाच गोष्टी स्वच्छ लिहा : माल कोणता आणि कोणत्या जातीचा, वजन किती, घरपोच भाव किती, कोणत्या भागात आणि कोणत्या दिवशी मिळेल, नाव-गाव-फोन. थॉमसन असेल तर थॉमसन लिहा, सोनाका असेल तर सोनाका लिहा. कांदा असेल तर उन्हाळ की लाल, ते लिहा. चाळीतला कांदा चार महिने ठेवायला गिऱ्हाईक मागते आणि त्याला लाल कांदा दिला, तर महिन्याभरात कोंब फुटल्यावर शिव्या कोणाला बसणार?

जाहिरात चालू असताना आपण फवारणीला ब्लोअरवर, फोन घरात कोनाड्यात. संध्याकाळी बघावे तर वीस न घेतलेले फोन. तोवर गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल घेतलेला असतो. घरातल्या एकाकडे, मुलीकडे, सुनेकडे, शिकलेल्या मुलाकडे हे काम नेमून द्या आणि त्याचा मोबदलाही धरा. छोट्या धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस नावाचे वेगळे ॲप २०१८ पासून मिळते, त्याला पैसे पडत नाहीत. त्यात मालाची यादी फोटो-भावासह लावता येते, आणि आपण कामात असलो तर 'संध्याकाळी सहानंतर फोन करतो' असा निरोप आपोआप जातो. एवढ्यानेही गिऱ्हाईक थांबते.

पाचवी चूक : दिसेल त्या ग्रुपवर टाकणे

चाळीस ग्रुपवर तीच पोस्ट रोज सकाळी. सोबत गुड मॉर्निंग, सणाच्या शुभेच्छा, राजकारणावरचे दोन फॉरवर्ड. लोक कंटाळतात आणि नंबर ब्लॉक करतात. पुष्कळांनी तक्रार केली तर व्हॉट्सॲप तुमचा नंबरच बंद करू शकते. मग ग्रुपही गेले आणि गिऱ्हाइकांची यादीही गेली. धंद्याच्या नंबरावरून धंद्याचेच बोला, आणि आठवड्यातून एक-दोनदाच बोला.

ब्रॉडकास्ट यादीबाबत एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. यादीतला निरोप त्याच माणसाला पोहोचतो, ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये साठवून ठेवला आहे. बाकीच्यांकडे तो जातच नाही. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाका : 'आमचा नंबर मोबाईलमध्ये साठवून ठेवा, पुढच्या तोड्याची खबर देऊ.' त्याचबरोबर गिऱ्हाइकांची नावे, फोन, पत्ता, काय घेतले, कधी घेतले, हे साध्या वहीतही लिहून ठेवा. पेज उद्या बंद पडेल, मोबाईल हरवेल, वही राहील. हंगाम नसताना वर्षातून दोन-तीनदा त्यांना बागेची खबर द्या. छाटणी झाली, फुलोरा आला, माल अमुक महिन्यात तयार होईल. हंगामाच्या तोंडावर त्यांना तुमची आठवण वेगळी करून द्यावी लागणार नाही.

सहावी चूक : तोंडाला येईल तो दावा

ही चूक सगळ्यांत महागात पडणारी आहे, म्हणून इथे जरा थांबू. 'शंभर टक्के विषमुक्त', 'सेंद्रिय', 'शुगर बरी करणारी नागली', 'आजोबांच्या वेळची कॅन्सरवर गुणकारी पावडर', असले शब्द पोस्टवर सर्रास दिसतात. लिहिणाऱ्याला ती नुसती सजावट वाटते. कायद्याच्या नजरेत तो दावा असतो आणि दाव्याला पुरावा लागतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तोच गुन्हा झाला तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरात वर्तमानपत्रात आहे की मोबाईलवर, असा भेद त्यात नाही. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आमिषाच्या जाहिरातीचाही विचार केला आहे. ज्या भावात माल पुरेसा देताच येणार नाही, तो भाव दाखवून गिऱ्हाईक ओढता येत नाही. अन्नपदार्थ खाऊन रोग बरा होतो, असा दावा करायला अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांची मनाई आहे. रोग बरे करण्याच्या जाहिरातींविरुद्ध तर १९५४ सालापासून वेगळा कायदा आहे. नागली पौष्टिक आहे, तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, एवढे खरे आहे आणि विकायला पुरेसे आहे.

सेंद्रिय या शब्दाबाबतही २०१७ चे नियम आहेत. सेंद्रिय म्हणून विकायच्या मालाला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडियाचे प्रमाणपत्र लागते. स्वतः पिकवून थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्यातून सूट दिलेली आहे, पण जैविक भारतचे चिन्ह मात्र त्याला वापरता येत नाही. सूट मिळाली म्हणजे खोटे बोलायची मुभा मिळाली, असे कोणी समजू नये.

द्राक्षाच्या बाबतीत तर फारच जपून. एका हंगामात आपल्या किती फवारण्या होतात, ते आपल्याला माहीत आहे. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे, ते पाळले आणि प्रयोगशाळेचा रेसिड्यू अहवाल हाती असला, तर अहवालाचा फोटोच जाहिरातीत टाका. अहवाल नसेल तर विषमुक्त हा शब्दही नको. २०१० चा हंगाम जुन्या बागायतदारांना आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपल्या भाषेत सीसीसीचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. त्यानंतर माल चांगला आहे, हे तोंडाने सांगून कोणी ऐकत नव्हते. कागद लागत होता. शहरातले शिकलेले गिऱ्हाईकही आता तेच विचारू लागले आहे.

नोंदणी आणि लेबल

शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला ताजा माल जसाच्या तसा विकला तर अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी लागत नाही. पण बेदाणा, लोणचे, पापड, जॅम, नागलीची बिस्किटे करून विकायची म्हटली की ती लागतेच. छोट्या उत्पादकाला मोठ्या परवान्याची गरज नसते, साध्या नोंदणीवर काम होते. तिचा खर्च जाहिरातीच्या एका दिवसाच्या खर्चाहून जास्त नाही. तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापा आणि पोस्टवरही टाका. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष, बनविणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवा. बचत गटाच्या भगिनी याला कटकट समजतात. उलट बघा. ज्या पापडाच्या पाकिटावर हे सगळे आहे, त्याच्या फोटोलाच गिऱ्हाईक भुलते.

सातवी चूक : पेज दुसऱ्याच्या हाती, पैसे तिसऱ्याच्या

गावात हल्ली जाहिरात चालवून देणारे पुष्कळ फिरतात. 'महिन्याला अमुक रुपये द्या, दहा हजार फॉलोअर देतो' म्हणतात. विकतचे फॉलोअर म्हणजे चिखलात उभी केलेली बुजगावणी, खरेदीला त्यातले कोणी येत नाही. पेज काढताना ते तुमच्या स्वतःच्या नावाने, तुमच्या मोबाईल नंबरावर काढा. मदतनिसाला कामापुरता प्रवेश द्या, मालकी देऊ नका. पुतण्या नोकरीला पुण्याला गेला आणि पेजचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, अशी उदाहरणे कमी नाहीत. कोणाशी काम ठरवायचे झाले तर फॉलोअरवर ठरवू नका, किती खरे फोन आले त्यावर ठरवा.

आणि जाहिरात दिसली की गिऱ्हाइकाबरोबर चोरही येतो. 'मी लष्करातून बोलतोय, पन्नास पेट्या हव्यात, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा,' असा फोन आला तर सावध व्हा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. ही एक ओळ घरातल्या प्रत्येकाला पाठ करून सांगा. पैसे आल्याचा मेसेज दाखविला तरी बँकेच्या खात्यात प्रत्यक्ष जमा दिसल्याशिवाय माल हलवू नका. फसवणूक झालीच तर लाज धरून घरात बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

गावाच्या कारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आमच्या खात्यातील सहकारी बंधू-भगिनींनाही थोडे सांगायचे आहे. मोबाईलवर विक्री हा विषय आला की एक दिवसाचे शिबिर होते. पेज कसे काढायचे ते दाखवितात, चहा-नाश्ता होतो, फोटो निघतो, संपले. बटण दाबायला आजच्या पोरांना शिकवावे लागत नाही. शिकवायचे आहे ते भाव काढणे, प्रतवारी, पॅकिंग, लेबल आणि नोंदणी. शिबिराचा अर्धा दिवस काट्यावर आणि पेटीवर गेला पाहिजे. गावात एकदा नोंदणीचा दिवस ठेवावा आणि सगळ्या बचत गटांची कागदपत्रे तिथेच भरून घ्यावीत.

दुसरे, एकेकट्याने मोबाईलवर झगडण्यापेक्षा गटाने जावे. दहा जणांनी मिळून एक पेज, एक पेटी, एक प्रत, एक गाडी. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि त्याच वर्षी संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजाराची योजना आली. शहरातल्या माणसाला थेट विकायची वाट तेव्हापासून उघडी आहे. गाडी भरून माल गेला तर पेटीमागचा वाहतूक खर्च उतरतो आणि जाहिरातही दहा जणांत वाटली जाते.

तिसरे आणि महत्त्वाचे, गावाचे नाव सांभाळा. नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा, येवल्याची पैठणी यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते कोणा एकाच्या मालकीचे नाही, आपल्या सगळ्यांच्या कष्टाचे आहे. मानांकनाचे नाव-चिन्ह वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, ती करून घ्या. बाहेरचा माल 'नाशिकचा' म्हणून, यंत्रमागावरची साडी 'हातमागाची येवला पैठणी' म्हणून मोबाईलवर विकली जाते, तेव्हा नुकसान खऱ्या माल पिकविणाऱ्याचे आणि विणणाऱ्याचे होते. कोकणातल्या लोकांनी यावर उपाय काढला. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावण्याची पद्धत आणली. ज्याची जितकी झाडे तितकेच त्याला स्टिकर, आणि गिऱ्हाइकाला तो क्रमांक पडताळून बघता येतो. आपल्या द्राक्षाच्या पेटीला असे काही का करता येऊ नये? बागायतदार संघ, शेतकरी कंपन्या आणि ग्रामपंचायतींनी एकत्र बसून विचार करण्यासारखी ही गोष्ट आहे.

शेवटी

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या हंगामात जाहिरातीचे पैसे भरण्याआधी घरात बसून एक कागद घ्या. माल किती आणि कोणता, पेटीमागे सगळा खर्च किती, भाव किती, गिऱ्हाईक कोणत्या गावचे, माल नेणार कसा, फोन कोण उचलणार, कागदपत्रे काय लागतात, आणि माल खराब निघाला तर पैसे परत देणार की पेटी बदलून देणार, या आठ प्रश्नांची उत्तरे त्यावर लिहा. एखाद्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली तर जाहिरात आठ दिवस पुढे ढकला. काही बिघडत नाही. आणि सगळी उत्तरे लिहून झाली तर मात्र संकोच करू नका. मोठ्याने बोला, नावासकट बोला, भाव सांगून बोला. आपल्याजवळ माती नाही, सोने आहे. ते जसे आहे तसेच दाखवा म्हणजे झाले.

(लेखक पंचायत समितीत विस्तार अधिकारी, कृषी, आहेत.)